जागा

अण्णांनी पेटीवर ती ओळ चौथ्यांदा वाजवली आणि तीव्र मध्यमाच्या पट्टीवर बोट तसंच ठेवून भाता थांबवला. "ही जागा बघ," ते म्हणाले. "सबंध ओळीत एकदाच येते. दुसऱ्यांदा घेतली असती तर गेली असती."

१९९३ चा मे महिना. मिरजेच्या घराचा सोपा, दुपारची वेळ. दादा सकाळीच महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईहून आला होता आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेली डीप पर्पलची 'मशीन हेड' ही कॅसेट जेवणापर्यंत तीनदा वाजवून झाली होती. अण्णा म्हणजे आमचे आजोबा. रेल्वेतून निवृत्त झालेले, गुरुवारच्या भजनाला पेटीवर बसणारे. ते आता टेप बंद करायला सांगतील म्हणून आम्ही दोघं आवाज आधीच कमी करून बसलो होतो. त्यांनी पानाची चंची बाजूला सारली, आवाज वाढवायला सांगितला आणि 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात पुन्हा लावायला लावली. मग पेटी पुढे ओढली.

रॉकमध्ये अशा ओळीला रिफ म्हणतात. गाण्याचा मुखडाच तो, फक्त शब्दांशिवायचा. या रिफमध्ये आघात बारा आणि स्वर चारच आहेत: षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम आणि एकदाच, शुद्ध मध्यमावर उतरण्याआधी वरून हलकेच टेकलेला तीव्र मध्यम. दोन मध्यम असे शेजारी शेजारी आले की अण्णांना ललत आठवायचा. "पण ललतात गंधार शुद्ध," ते स्वतःशीच म्हणाले, "इथं कोमल आहे. यांचा रस्ता वेगळा."

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकली. ती मला समजायला पुढे काही वर्षं लागली. गिटारवर ही ओळ एकेका स्वराने जात नाही, दोन तारा एकदम छेडल्या जातात. वरच्या तारेवर षड्ज असेल तर खालच्या तारेवर त्याच्या खालचा पंचम, आणि ओळ जिथे जिथे जाईल तिथे ही जोडी तेवढंच अंतर राखून बरोबर जाते. मंद्र पंचम आणि षड्ज. तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा याच स्वरांना लावतात. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर होतं. पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे तिथे दारादारांत वाळत पडलेले असायचे आणि आत कुणीतरी घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी लावत बसलेलं असायचं. जवारी जुळली की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. अण्णांनी लहानपणी आम्हाला गल्लीत उभं करून तो ऐकवला होता. टेपरेकॉर्डरच्या त्या छोट्या स्पीकरसमोर कान नेऊन ते म्हणाले, "इथंही न वाजवलेला स्वर आहे. खाली आहे."

तो खरोखरच असतो. मंद्र पंचम आणि षड्ज यांच्या कंपनसंख्या तीनास चार या प्रमाणात असतात. ॲम्प त्याच्या क्षमतेपलीकडे ताणला की आवाज फाटतो, आणि त्या फाटण्यातून दोन स्वरांच्या फरकाचा तिसरा स्वर जन्माला येतो. चारातून तीन गेले, एक उरला. हा एक म्हणजे वरच्या षड्जाच्या दोन सप्तकं खालचा षड्ज. गिटारवाला दोन स्वर वाजवतो आणि आपल्या छातीत तिसरा घुमतो. हार्ड रॉक ऐकणाऱ्याला जे वजन जाणवतं ते मोठ्या आवाजाचं असतं असा समज आहे. मला वाटतं, ते या खालच्या स्वराचं असतं. रिची ब्लॅकमोर ही ओळ वाजवताना हातात पिक धरत नाही, बोटांनी दोन्ही तारा उचलतो. पिकने आधी एक तार वाजते, मग दुसरी, आणि मधे केसाएवढी फट राहते. बोटांनी ती फट मिटते. जोडी एकाच क्षणी सुटते.

जागा हा शब्द मी मिरजेत दोन अर्थांनी एकदमच शिकले. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालायचं. अण्णा आम्हाला सतरंजीवर मांडीशी झोपवून ऐकत राहायचे. झोपेत मधूनच त्यांचा आवाज कानावर यायचा, "वा, काय जागा घेतली!" मला वाटायचं, स्टेजवर कुणीतरी सरकून बसलंय. खूप नंतर कळलं की गवई सुरांमधली जागा घेतो. अजूनही हे दोन अर्थ माझ्या मनात पूर्ण सुटे झालेले नाहीत. आणि 'स्मोक ऑन द वॉटर' कसं घडलं हे वाचत गेले तेव्हा ते वेगळे काढायची गरजही वाटेनाशी झाली.

डिसेंबर १९७१. पाच ब्रिटिश वादक स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा सरोवराच्या काठी माँत्रो या गावी आले होते. गिटारवर ब्लॅकमोर, गायक इयान गिलन, बासवर रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयान पेस. त्यांना स्टुडिओ नको होता. स्टेजवर त्यांचं वाजवणं जसं पेटतं तसं स्टुडिओच्या गादी मारलेल्या भिंतींत पेटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी रोलिंग स्टोन्सचा ट्रक भाड्याने घेतला होता. या ट्रकच्या पोटात अख्खं ध्वनिमुद्रणाचं यंत्रघर होतं. तो कुठल्याही इमारतीबाहेर उभा करायचा, खिडकीतून केबल आत सोडायच्या, आणि ती इमारत स्टुडिओ व्हायची. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिणेला एका बंगल्याच्या तळघरात रोलिंग स्टोन्सनी स्वतः त्यात काम केलं होतं. डीप पर्पलने निवडलेली इमारत होती माँत्रोचा कॅसिनो, १८८१ मध्ये बांधलेला. १९६७ पासून तिथे क्लोद नोब्स यांचा जॅझ महोत्सव भरायचा. हिवाळ्यासाठी कॅसिनो बंद व्हायचा होता. मधे फक्त एक कार्यक्रम उरला होता, ४ डिसेंबरला, फ्रँक झापा आणि त्यांच्या 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन'चा. तो झाला की दालन रिकामं.

त्या कार्यक्रमात श्रोत्यांपैकी कुणीतरी फ्लेअर गन छताच्या दिशेने झाडली. छताला वेताचं काम होतं. ते पेटलं. लोक बाहेर पडले, आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढण्यासाठी नोब्स धावपळ करत राहिले, आणि कुणाचाही जीव गेला नाही, ही या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी गोष्ट. कॅसिनो मात्र जळून गेला, झापांची वाद्यंही गेली. सहा दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका माणसाने झापांना स्टेजवरून खाली ढकललं आणि ते कित्येक महिने अंथरुणाला खिळले. त्या डिसेंबरचा हिशेब मांडताना डीप पर्पलच्या नावावर गाणं जमा होतं आणि झापांच्या नावावर काहीच होत नाही. हे मला नेहमी टोचत आलं आहे.

डीप पर्पलचे वादक कार्यक्रमाला हजर होते. नंतर हॉटेलच्या खिडकीतून त्यांनी ते बघितलं: डोंगरावरून उतरणारा वारा, त्याने खाली दाबलेला धूर आणि सरोवराच्या पाण्यावर पसरलेला त्याचा थर. ज्या जागेत गाणी व्हायची होती ती जागाच डोळ्यांसमोर धूर होऊन पाण्यावर तरंगत होती. ट्रक भाड्याने घेतलेला, दिवस मोजलेले, आणि वाजवायला छप्पर नाही.

नोब्स यांनी दुसरी जागा शोधून दिली, गावातलंच पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर. सामान लागलं, केबल सुटल्या. ब्लॅकमोरकडे तेव्हा एक रिफ होता, गाणं नव्हतं. शब्द नाहीत, नाव नाही. रात्री त्यांनी त्या रिफवर साथीचा सांगाडा उभा करायला घेतला आणि गावाची झोप उडाली. पोलीस आले. दारावर धक्के बसू लागले. बँडबरोबरची सामान वाहणारी माणसं आतून दाराला पाठ लावून उभी राहिली, टेक पूर्ण होईपर्यंत. तो टेक मिळाला आणि मग दार उघडलं. पॅव्हिलियन हातचं गेलं. तिथे ध्वनिमुद्रित झालेलं तेवढं एकच.

आपण ऐकतो तो पाया त्या रात्रीचा आहे. आधी गिटार एकटी. मग पेसच्या हाय-हॅटचा चुरचुरता ठेका आणि त्याच ओळीवर लॉर्डचा ऑर्गन. लॉर्डचा हॅमंड हे मूळचं सौम्य वाद्य, चर्चमधून आणि बैठकीच्या खोल्यांतून वाजणारं. त्याने ते गिटारच्या मार्शल ॲम्पला जोडलं आणि ऑर्गनचा आवाजही फाटू दिला. सुरुवातीच्या ओळीत गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो हे मला आजही नेमकं दाखवता येत नाही. अण्णा पेटी वाजवणारे असल्यामुळे असेल, त्यांना ते लगेच ऐकू आलं होतं. "आत पेटीवाला आहे कुणीतरी." मग ड्रम्स पूर्ण उघडतात आणि सर्वांत शेवटी ग्लोव्हरचा बास शिरतो. घरात एकेक माणूस येऊन बसावा तशी ही सुरुवात आहे. बास आला की दार लावलं जातं. हे सगळं चालू असताना त्या इमारतीचं खरं दार बाहेरून ठोठावलं जात होतं, हे कळल्यापासून मी त्या सुरुवातीत कान देऊन ठोके शोधते. ते नाहीत. पण घाई आहे असंही वाटत नाही, आणि मला तेच मोठं वाटतं. दाराशी पोलीस असताना पेसचा ठेका कणभरही पुढे पळत नाही.

पुन्हा जागेचा शोध. शेवटी गावाच्या कडेचं ग्रँड हॉटेल मिळालं, हिवाळ्यापुरतं बंद, थंडगार, फर्निचर झाकून ठेवलेलं. त्याच्या तळमजल्यावरच्या बोळात त्यांनी वाद्यं मांडली. आवाज घुमू नये म्हणून खोल्यांमधल्या गाद्या काढून भिंतींना टेकवल्या. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बाहेर ट्रकमध्ये बसलेले. वाजवलेलं कसं झालं हे ऐकायचं तर वादकांनी बोळातून खोल्यांत, खोल्यांतून बाल्कन्यांत, बाल्कन्यांतून पुन्हा खोल्यांत, असं करत थंडीत ट्रकपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. काही दिवसांतच त्यांनी जाणं सोडलं. टेक बरा झालासं वाटलं की पुढचं गाणं. जवळजवळ सगळी एलपी अशीच पंधरा-सोळा दिवसांत झाली.

ज्यांनी स्टुडिओत काम केलं आहे त्यांना यातली जोखीम कळेल. आपण वाजवलेलं पुन्हा ऐकणं ही सवय लागली की सुटत नाही. ऐकलं की खोट दिसते, खोट दिसली की दुरुस्ती, दुरुस्तीवर दुरुस्ती, आणि अखेरीस सगळं बिनचूक होऊन बसतं आणि त्यातला जीव कुठे गेला ते समजत नाही. ग्रँड हॉटेलच्या त्या लांब, अडचणीच्या वाटेने पाच वादकांना या व्यसनापासून वाचवलं असं माझं मत आहे. त्यांना आपल्या कानांवर आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबावं लागलं. टेक कसा झाला हे एकमेकांच्या चेहऱ्यावर वाचायचं.

शेवटाकडे येताना लक्षात आलं की एलपीला काही मिनिटं कमी पडतायत. बर्चना पॅव्हिलियनचा तो सांगाडा आठवला. त्याला शब्द हवे होते. ग्लोव्हर काही दिवसांपूर्वी पहाटे झोपेतून उठताना, अर्धवट जागेपणी, तीन-चार शब्द मोठ्याने बोलला होता. तेच पुढे गाण्याचं नाव झालं. ते नाव नशापाण्याच्या गाण्यासारखं वाटेल ही शंका त्यांना तेव्हा होती. मग गिलन आणि ग्लोव्हर लिहायला बसले आणि त्यांनी काय लिहिलं? जे झालं ते. आपण कुठे आलो, कशासाठी आलो, कुणाचा कार्यक्रम होता, आग कशी लागली, मुलांना कुणी बाहेर काढलं, मग आपण कुठे गेलो, गाद्या, दिवे, थंडी. रोजनिशीच ती. उपमा जवळजवळ नाहीत. जे गाणं ते गात होते त्या गाण्याच्या जन्माचीच हकीकत ते त्याच गाण्यात सांगत होते.

एका गाण्यात तीन इमारती आहेत. सुरांचा पाया पॅव्हिलियनचा, गिलनचा आवाज ग्रँड हॉटेलचा, आणि शब्दांत उभा आहे तो जळून गेलेला कॅसिनो, जिथे हे गाणं व्हायला हवं होतं. कॅसिनो राहिला असता तर हे गाणं झालंच नसतं. त्या रिफला दुसरे कुठले तरी शब्द मिळाले असते.

मार्च १९७२ मध्ये 'मशीन हेड' आली. सिंगल म्हणून मात्र त्यांनी पुढे केलं ते 'नेव्हर बिफोर', सगळ्यांची भिस्त त्याच्यावर होती. ते फारसं चाललं नाही. 'स्मोक ऑन द वॉटर' एलपीत राहिलं, भरतीचं गाणं म्हणून. त्याला त्यातून बाहेर काढलं कार्यक्रमांतल्या श्रोत्यांनी. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत झालेल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण 'मेड इन जपान' या नावाने निघालं. पहिल्या दोन आघातांनाच लोक ते गाणं ओळखायला लागले होते. अखेर मे १९७३ मध्ये, एलपी निघून वर्ष उलटल्यावर, अमेरिकेत त्याची सिंगल काढण्यात आली. रेडिओला साडेपाच मिनिटांहून मोठं गाणं नको असतं, म्हणून ते कापून चार मिनिटांच्या आत बसवलं. सात इंचांच्या तबकडीच्या एका बाजूला माँत्रोचं कापलेलं गाणं आणि दुसऱ्या बाजूला जपानमधलं.

कापलेली आवृत्ती मी एकदाच ऐकली. मला ती सोसली नाही. रिफ जागच्या जागी होता, शब्द होते, पण त्या गाण्यात माणूस हळूहळू बसत जातो, त्याला बसायला वेळ मिळाला नाही. तरी मी त्या अनाम हाताला दोष देत नाही. ब्लेडने टेप तिरकी कापून ठेक्यावर ठेका बेमालूम जोडायचा हे मोठं कसब होतं, आणि त्या कापण्यामुळेच ते गाणं मोटारींतून, कारखान्यांतून, स्वयंपाकघरांतून वाजलं. त्या उन्हाळ्यात ते अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. पण २९ जून १९७३ ला ओसाकातच गिलन आणि ग्लोव्हर या बँडबरोबरचा तेव्हाचा शेवटचा कार्यक्रम वाजवून बाहेर पडले होते. गाणं घराघरांत पोचत होतं आणि ते केलेल्या पाच जणांचं घर मोडलं होतं.

यातलं फारसं काही मला १९९६ मध्ये ठाऊक नव्हतं. तेव्हा आम्ही सांगलीत आमचं स्वतःचं एक गाणं ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं होतं. गिटारवर दादा, बासवर मी, आणि इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातले दोघे, एक ड्रम्सवाला, एक गाणारा. चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर पुण्याहून उसना आणला होता. जागा मिळाली ती एका मंगल कार्यालयाची. आषाढ लागला की मुहूर्त संपतात आणि दिवाळीपर्यंत कार्यालयं ओस पडतात. भाडं चार दिवसांचं मिळून एका लग्नाच्या हार-तुऱ्यांइतकं.

हॉल मोठा, शहाबादी फरशीचा, वर पत्रे. पहिला ठोका पडला आणि तो चार वेळा परत आला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग भांडारघर उघडलं. आत गाद्या, लोड, तक्के, जाजमं, वऱ्हाडाच्या शंभर माणसांची सोय. लोखंडी खुर्च्या एकमेकींवर चढवून त्यांना गाद्या टेकवल्या, जाजमं टांगली, लोडांच्या दोन रांगा रचल्या. ड्रम्स वधूपक्षाच्या खोलीत, दादाचा ॲम्प वरपक्षाच्या. खोल्यांच्या दारांवर त्या पाट्या तशाच होत्या. गाणारा भटारखान्यात, कारण तिथला आवाज त्याला आवडला. ग्रँड हॉटेलच्या गाद्यांबद्दल मी पुढे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आवाज अडवायला माणसाच्या हाताशी शेवटी झोपायचं सामानच येतं, माँत्रोत काय आणि सांगलीत काय.

अडचण आली ती माझ्यामुळे. मी बासवर एक ठरावीक सूर लावला की भटारखान्यातली पितळेची मोठी पातेली घुमायची. कुठलं पातेलं कुठल्या सुराला बोलतं हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली. मी एकेक सूर धरून ठेवायचा आणि ड्रम्सवाल्याने पातेल्यांवर हात ठेवत फिरायचं. सापडेल त्यात चादर कोंबायची. सात पातेली गप्प केली. एक कुठलं तरी राहिलं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

आमचं गाणं कृष्णेच्या पाण्याबद्दल होतं. पावसाळ्यात सांगलीचे लोक आयर्विन पुलावर पाणी बघायला जातात. किती फूट आलं, किती चढलं, कुणाच्या गल्लीत शिरलं, एवढंच बोलतात आणि घरी येतात. दादाने तेवढंच लिहिलं होतं. त्याच्या पहिल्या खर्ड्यात नदी माय होती, पूर कोप होता, बरंच काही होतं. एके रात्री त्याने ते सगळं खोडलं आणि म्हणाला, "आपण बघतो तसं लिहू. त्या पाच जणांनी लिहिलंय तसं." मग उरलं ते असं: पुलाचे खांब, फुटांचे आकडे, छत्र्या, एका म्हातारीचा बंद पडलेला स्टोव्ह. ते गाणं चांगलं होतं. मी आज पन्नाशीत ते ठामपणे म्हणते.

शेवटच्या रात्री पाऊस लागला. दहा वाजून गेले आणि पहारेकरी मामा दार ठोठावत आले. शेजारच्या घरात एक आजोबा आजारी होते, ते झोपायचे होते. "आवरा आता, पोरांनो." आमचा एक टेक उरला होता. दादा म्हणाला, "मामा, चारच मिनिटं." मामांनी आमच्याकडे बघितलं, गाद्यांकडे बघितलं, दार आतून लावून घेतलं आणि कंदील पायाशी ठेवून एका लोखंडी खुर्चीवर बसले. आम्ही आवाज निम्म्यावर आणला आणि वाजवलं. कुणाचंच चुकलं नाही. बाहेर आजारी माणूस आहे हे चौघांच्याही हातात होतं, आणि त्या रात्रीइतकं हलक्या हाताने मी पुन्हा कधी वाजवलं नाही.

ती कॅसेट कुठे निघाली नाही. दादाची परीक्षा आली, वसतिगृहातले दोघे आपापल्या गावी गेले. मी मिरजेला जाऊन अण्णांना ती ऐकवली. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. त्यांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला आणि हाताचा पंजा स्पीकरवर ठेवून ऐकलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांनी बोट वर केलं.

"हा कोण?"

"कोण, अण्णा?"

"हा खालून बोलतोय तो. बासच्या मागे. ही जागा कुणी घेतली?"

ते पातेलं होतं.

अण्णा १९९९ मध्ये गेले. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. जॉन लॉर्ड जुलै २०१२ मध्ये गेले, क्लोद नोब्स जानेवारी २०१३ मध्ये, मार्टिन बर्च २०२० मध्ये. माँत्रोचा कॅसिनो १९७५ मध्ये पुन्हा उभा राहिला. दादा एकदा कामासाठी जिनीव्हाला गेला होता तेव्हा आगगाडीने तिथे जाऊन आला. सरोवराच्या काठावर त्या गाण्याचं शिल्प आहे, त्यावर रिफची स्वरलिपी आहे. दादाने तिथूनच फोन केला. वारा इतका होता की त्याचं निम्मं बोलणं ऐकू आलं नाही. "अण्णांचा तीव्र मध्यम इथं आहे," एवढं कळलं.

सांगलीचं ते कार्यालय पाडून तिथे आता सहा मजले झालेत. कॅसेट माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा, पाऊस लागला की, मी ती काढते. गाणं सुरू होण्याआधी सात-आठ सेकंद पत्र्यावरचा पाऊस आहे, शहाबादी फरशीवर कुणाचा तरी पाय सरकतो, ड्रम्सवाला काड्यांनी चार मोजतो. मग गाणं. शेवटचा सूर मी धरून ठेवला आहे आणि तो विझला तरी पातेलं अजून थोडं घुमत राहतं. ते थांबेपर्यंत कुणी हललेलं नाही. मग खुर्ची कुरकुरते आणि मामांचा आवाज येतो, अगदी हळू, झोपलेल्या घरात बोलावं तसा.

"झालं का, पोरांनो?"

"झालं, मामा," दादा म्हणतो, आणि बटण दाबल्याचा आवाज येतो.